लॅपटॉप अजून २००९ सालातच?

चालू केला की १ जानेवारी, रात्रीचे बारा. वेबसाइट उघडत नाही, फॉर्म भरता येत नाही आणि दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला. थांबा. आधी रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल तपासा.

तुमच्या घरातही तो असणार. दादाने इंजिनीअरिंगला असताना घेतलेला किंवा ताईला ऑफिसकडून नवा मिळाल्यावर तुमच्या वाट्याला आलेला लॅपटॉप. कीबोर्डवरची दोन-चार अक्षरं पुसलेली, बिजागरी कुरकुरते, बॅटरीने केव्हाच मान टाकलेली. चार्जरची पिन काढली की स्क्रीन काळी. तरी प्रोजेक्ट त्याच्यावरच होतात, सिनेमे त्याच्यावरच बघितले जातात आणि महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच्यावरूनच जातो. नवीन घ्यायचा तर चाळीस हजारांच्या खाली बात नाही, म्हणून कुणी तो विषयच काढत नाही.

आणि एके दिवशी हा लॅपटॉप भूतकाळात जातो. कोपऱ्यात तारीख दिसते १ जानेवारी २००९. (तुमच्याकडे २००७ असेल किंवा २०१२. कंपनीने त्या मॉडेलच्या बायोसमध्ये जी पहिली तारीख भरली असेल ती.) सुरुवातीला गंमत वाटते, आपण स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. मग ब्राउझर उघडतो आणि गंमत संपते. लाल त्रिकोण, 'युअर क्लॉक इज बिहाइंड' आणि पुढे काहीच नाही. मेल नाही, कॉलेजचं पोर्टल नाही. अर्जाची शेवटची तारीख मात्र आज रात्रीची.

असं का होतं ते साधं आहे. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं, आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ते प्रमाणपत्र तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळाशी ताडून बघतो. लॅपटॉपच्या मते साल २००९ आणि प्रमाणपत्र गेल्या महिन्यातलं. म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने हा कागद अजून जन्मालाच आलेला नाही. तो दार उघडत नाही आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. ओळखपत्रावरची तारीख जुळत नसेल तर वॉचमनही आत सोडत नाही.

माझ्यासारख्या पत्रकारितेच्या पोरांना याचा आणखी एक ताप. मुलाखतीचं रेकॉर्डिंग, फोटो, नोट्स, सगळ्या फाइल्सवर तारीख लागते ती याच घड्याळाची. उद्या कुणी म्हणालं की 'मी असं बोललोच नव्हतो', तर तुमच्या पुराव्यावर तारीख २००९ ची. बोलणारा तेव्हा शाळेत असेल!

माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. ती हिंदमाताच्या मागच्या गल्लीत राहते. लॅपटॉप घेऊन ती एका दुकानात गेली (कुठल्या ते राहू दे), तिथे काउंटरवरच्या माणसाने झाकणही न उघडता 'मदरबोर्ड' हा शब्द उच्चारला आणि साडेसहा हजारांचा आकडा सांगितला. तिच्या आईने लगेच हिशोब केला की एवढ्यात सेकंडहँड येईल. तो लॅपटॉप भंगारात जायला दोन दिवस उरले होते. शेवटी निघाला काय, तर संपलेला एक सेल.

हा सेल करतो काय?

लॅपटॉप बंद केला तरी आतलं एक चिमुकलं घड्याळ चालू असतं. त्याला 'रिअल टाइम क्लॉक' म्हणतात. त्यात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, तुमच्या मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा का? कारण त्याला दोनने सलग पंधरा वेळा भागलं की बरोबर १ उरतो. सर्किटला भागाकार म्हणजे निम्मं-निम्मं करणं तेवढंच सोपं जातं, म्हणून जगभर हाच आकडा. पंधरा वेळा निम्मं केलं की एक टिक, एक सेकंद.

या थरथरीला लागणारी वीज अगदीच नगण्य असते, काही मायक्रोअँपिअर. पण ती चोवीस तास लागते. म्हणून मदरबोर्डवर एक सेल बसवलेला असतो. बहुतेक वेळा हा 'सीआर २०३२' असतो. या नावातच त्याचं माप आहे. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. 'सी' म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचं रसायन, 'आर' म्हणजे गोल. दाब ३ व्होल्ट, क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. आता दहावीचं गणित करा. घड्याळ ५ मायक्रोअँपिअर घेत असेल तर २२० भागिले ०.००५, म्हणजे ४४,००० तास. वर्षात ८,७६० तास असतात. उत्तर पाच वर्षं.

मग तुमचा लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा असूनही घड्याळ आत्ताच का बिघडलं? कारण इतकी वर्षं या सेलला फारसं काम पडतच नव्हतं. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जर किंवा मुख्य बॅटरी जिवंत असेल तोवर घड्याळ त्यांच्यावरच चालतं, सेल नुसता राखीव खेळाडू. मुख्य बॅटरी मेली, तुम्ही ती काढून माळ्यावर टाकली आणि लॅपटॉप फक्त चार्जरवर चालवायला लागलात की पिन काढल्याच्या क्षणापासून सगळा भार या सेलवर येतो. म्हातारी बॅटरी मरते आणि वर्षा-दोन वर्षांत मागोमाग हाही जातो.

इथे हिंदमाताचा संबंध येतो. परळ आणि दादरच्या मधला हा भाग बशीसारखा खोलगट आहे हे मुंबईत कुणाला सांगायला नको. पाऊस पडला की टीव्हीवर पहिला बूम इथेच लागतो. महापालिकेने सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, फरकही पडला, तरी तळमजल्यावरची माणसं जूनपासून मीटरबॉक्सकडे नजर ठेवूनच असतात. पाणी चढलं की वीज बंद. चार्जर मेला, बॅटरी आधीच मेलेली, सेल मरायला टेकलेला. दुसऱ्या दिवशी वीज येते, लॅपटॉप चालू होतो आणि साल येतं २००९. वर्षभर न दिसलेलं दुखणं नेमकं पावसाळ्यात डोकं वर काढतं, आणि घरच्यांना वाटतं की लॅपटॉपमध्ये पाणी गेलं. खरंच पाणी गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो चालूच करायचा नाही. पण कपाटावर कोरडाठाक ठेवलेला लॅपटॉप तारीख विसरला तर संशयित नंबर एक हा सेल.

या सेलला सगळे 'सीमॉस बॅटरी' म्हणतात, दुकानात तुम्हीही तसंच म्हणा. नाव जुन्या काळातलं आहे. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीला बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं, तो चालू करताना दर वेळी तारीख विचारायचा. १९८४ च्या 'पीसी एटी'मध्ये ते आलं. मोटोरोलाच्या एका चिपमध्ये घड्याळ आणि सोबत थोडीशी सीमॉस मेमरी, सेटिंग्ज लक्षात ठेवायला. आज बऱ्याच मशीनमध्ये सेटिंग्ज वेगळ्या कायमस्वरूपी चिपमध्ये असतात, नाव मात्र चिकटून राहिलं. लॅमिंग्टन रोडसारखं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.

आधी गुन्हेगार तोच आहे का बघा

घड्याळ चुकणं हे लक्षण आहे, पण किती चुकतंय त्यावरून रोग कळतो. महिन्याकाठी मिनिटभर इकडेतिकडे झालं तर ते क्वार्ट्झच्या स्वभावातच आहे, सोडून द्या. बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसत असेल तर सेलला हात लावू नका! तुम्ही एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेत का? विंडोज आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स सहसा जागतिक वेळ लिहितं, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. दोघं एकमेकांचं घड्याळ फिरवत बसतात. तो सेटिंगचा झोल आहे. टाइम झोन चुकला तरी असाच तासांच्या हिशोबात फरक पडतो.

पण प्रत्येक वेळी पिन काढून ठेवल्यावर तारीख मागच्या एखाद्या १ जानेवारीला जात असेल किंवा काल जिथे बंद केला तिथेच घड्याळ थांबलेलं असेल, तर सेल. खात्री करायची तर अशी करा: वाय-फाय बंद करा, घड्याळ नीट लावा, लॅपटॉप पूर्ण शटडाऊन करा (नुसतं झाकण मिटू नका), चार्जर काढा, मुख्य बॅटरी निघत असेल तर तीही काढा. रात्रभर ठेवा. सकाळी वाय-फाय बंदच ठेवून चालू करा. वाय-फायचा आग्रह यासाठी की इंटरनेट मिळालं की विंडोज वेळ परस्पर दुरुस्त करू शकतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. आणि फरक अनेक वर्षांचा असेल तर कधी कधी तेच विंडोज वेळ जुळवायला नकारही देतं. म्हणून इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.

काही लॅपटॉप सरळ तक्रार करतात. डेलवर 'टाइम-ऑफ-डे नॉट सेट', थिंकपॅडवर '०२७१' किंवा '०२५१' हे आकडे, इतरांवर 'सीमॉस चेकसम एरर'. अशी ओळ दिसली की अर्धं काम झालं. ती आली की आपण घाईने एंटर दाबून पुढे जातो, ते एकदा टाळा आणि मोबाइलने फोटो काढा.

आता एक आडवळण घेते, कारण घड्याळाचा विषय आणि गिरणगाव यांचं नातं जुनं आहे. आज आपण जी भारतीय प्रमाणवेळ लावतो ती १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. नवी वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे मुंबईकरांच्या सकाळी एकदम ३९ मिनिटं लवकर व्हायला लागल्या. पहाटे भोंग्यावर धावणाऱ्या गिरणी कामगाराला ३९ मिनिटं म्हणजे काय, ते सकाळी सात सत्तावन्नची लोकल पकडणाऱ्याला विचारा. जानेवारी १९०६ मध्ये हजारो गिरणी कामगार या नव्या वेळेविरुद्ध उठले, दगडफेक झाली. महापालिकेनेही जुनी 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. पार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तिथे ती चालू होती. आणि १९०६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कोण होते? लॉर्ड लॅमिंग्टन. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण आता घड्याळाचा सेल शोधायला निघालोय तेच. हे मला हा लेख लिहिताना कळलं आणि मी जाम खूश झाले.

सेल कुठला, कसा घ्यायचा

सीआर २०३२ कुठेही मिळतो. कारच्या रिमोट चावीत तोच, डिजिटल वजनकाट्यात तोच. हिंदमाताच्या कपडा बाजारातून दादर स्टेशनकडे चालत जाताना घड्याळवाले, मोबाइल ॲक्सेसरीजवाले दिसतात, त्यांच्याकडे सुटा सेल शंभरच्या आत मिळावा. पण इथे गोची आहे. डेस्कटॉपमध्ये सेल नुसता खाचेत बसतो, काढला आणि घातला. बहुतेक लॅपटॉपमध्ये मात्र त्याला दोन पत्र्या चिकटवून लाल-काळी वायर जोडलेली असते, वर पिवळं किंवा काळं प्लॅस्टिकचं आवरण आणि टोकाला दोन पिनांचं इवलंसं कनेक्टर. तो तसाच, वायरसकट विकत घ्यायचा. किंमत थोडी जास्त पडते, पण जवळपास दोनशेच्या आतबाहेर काम होतं.

त्यासाठी लॅमिंग्टन रोड. प्रभादेवीहून स्लो लोकल पकडा, चौथं स्टेशन ग्रँट रोड, पूर्वेला उतरा. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. जाताना जुना सेल काढून सोबत न्या. तो शक्य नसेल तर मॉडेल नंबर आणि कनेक्टरचा जवळून काढलेला फोटो. दुकानदार 'सब में चलता है' म्हणाला तरी वायरींचा क्रम डोळ्यांनी ताडून बघा, कारण काही कंपन्यांच्या कनेक्टरमध्ये लाल आणि काळी उलट बाजूंना असतात. कनेक्टर आत जातो, पण धन आणि ऋण उलटे होतात.

जुन्या सेलवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय खरेदी करू नका. काही जुन्या लॅपटॉपमध्ये 'एमएल' ने सुरू होणारा, पुन्हा चार्ज होणारा सेल असतो. त्याच्या जागी साधा सीआर लावायचा नाही, मशीन त्याला चार्ज करायला जाईल आणि सीआर चार्ज होण्यासाठी बनलेलाच नाही. तो फुगू शकतो, फुटू शकतो. तसंच सीआर २०२५ आणि २०१६ हेही ३ व्होल्टचेच, पण पातळ आणि कमी क्षमतेचे. जे आहे तेच घ्या. कुणी म्हणालं की सुटा सेल द्या, मी जुन्या पत्र्या सोल्डर करून देतो, तर नको म्हणा. सोल्डरिंगची गरमी थेट सेलला देणं धोक्याचं. कारखान्यात त्या पत्र्या क्षणभराच्या स्पॉट वेल्डिंगने लावतात, ते वेगळं.

आणि हो, अगदी पातळ, नव्या पद्धतीच्या लॅपटॉपपैकी कित्येकांत हा सेल नसतोच. त्यांचं घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. तिथे तारीख हरवली तर रोग मुख्य बॅटरीचा. म्हणून आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. अनेक मोठ्या कंपन्या ते फुकट देतात, आणि त्यात कुठला स्क्रू कुठे आहे ते चित्रांसकट असतं. यूट्यूबही आहेच, पण व्हिडिओतला हात आणि तुमचा लॅपटॉप एकाच मॉडेलचे आहेत ना, तेवढं बघा.

उघडण्याआधी दोन कामं, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. पहिलं, बॅकअप. दुसरं, बायोसमध्ये जाऊन (मॉडेलनुसार एफ २, एफ १०, डिलीट किंवा एस्केप) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की काही मशीन सगळी सेटिंग्ज विसरतात. 'साटा मोड' एएचसीआयवरून दुसऱ्या कशावर गेला किंवा 'यूईएफआय' आणि 'लेगसी' यांची अदलाबदल झाली तर विंडोज चालूच होत नाही, आणि माणूस घाबरून पुन्हा त्याच साडेसहा हजारवाल्याकडे जातो. फोटो असेल तर दोन मिनिटांत पूर्ववत. तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. ती अठ्ठेचाळीस आकडी असते आणि तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. बायोसमध्ये बदल जाणवला की बिटलॉकर ती मागू शकतो. ती नसेल तर फाइल्स तिथेच असतात आणि तुम्हाला दिसत नाहीत.

आता उघडा. चार्जर काढलेला, मुख्य बॅटरी काढलेली. बॅटरी आतच असेल तर झाकण उघडल्यावर सर्वांत आधी तिचं कनेक्टर सोडवायचं. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला असेल, तर तिथेच थांबा. ती टोचू नका, दाबू नका, हे काम जाणकाराचं. बाकी सगळं ठीक असेल तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाते. अंगावरची स्थिर वीज घालवायला एखाद्या धातूच्या वस्तूला, म्हणजे नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावा. मुंबईच्या दमट हवेत तिचा त्रास कमी, तरी हिंदमातावरून आणलेला नवा सिंथेटिक कुर्ता त्या दिवशी घालू नका.

स्क्रूंचं माझं तंत्र असं. वहीच्या पानावर लॅपटॉपचा पाठीमागचा आकार काढायचा आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावायचा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरचं प्लॅस्टिक फोडून बाहेर येतो. झाकण सोडवायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक घुसवू नका, मुदत संपलेलं एटीएम कार्ड उत्तम. सेल कुठे असेल ते मात्र नशीब. कधी रॅमच्या झाकणाखाली लगेच दिसतो, कधी कीबोर्ड उचलावा लागतो, आणि काही मॉडेलमध्ये आख्खा मदरबोर्ड काढून उलटा करावा लागतो. तुमचं मॉडेल या तिसऱ्या जातीतलं असेल तर मी तरी सांगेन, सेल स्वतः आणा आणि फक्त मजुरी देऊन ओळखीच्या माणसाकडून बसवून घ्या. कमीपणा काही नाही. कीबोर्ड उचलताना त्याच्या खालच्या पट्टीसारख्या केबलला ओढायचं नसतं. तिच्या कनेक्टरवर एक बारीक कुलूप असतं, ते नखाने उचललं की केबल आपोआप सुटते. सेलच्या वायरी ओढू नका, कनेक्टर धरून हळूच बाजूला सरकवा.

जमल्यास जुना सेल मल्टिमीटरवर तपासा. नवा ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. तुमचा अडीचच्या खाली असेल तर निदान पक्कं. तीनच्या आसपास असेल तर मात्र दोष दुसरीकडे असू शकतो. अशा जुन्या मशीनमध्ये कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढलेला दिसतो, मुंबईची खारी हवा फुकट काम करत असते. कोरड्या ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने तो निघतो.

एक गैरसमजही मिटवून टाकते. सेल बदलल्याने लॅपटॉप फास्ट होत नाही. त्याचा वेगाशी काडीचा संबंध नाही. वेग हवा असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, तो वेगळा खर्च. आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. त्यामुळे जुन्या मशीनवर लिनक्सचा विचार करायला हरकत नाही, फक्त वरची साडेपाच तासांची गंमत लक्षात ठेवा.

दुरुस्तीचा हक्क हा आता नुसता परदेशी बातम्यांतला विषय राहिलेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स, वाहनं, शेतीची अवजारं अशा वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी अशी कल्पना. मला विचाराल तर पोर्टलपेक्षा दुकानात उभं राहून 'सेल तपासला का?' हा एक प्रश्न जास्त कामाचा. समोरचा माणूस चपापतो.

काढलेला सेल टेबलावर टाकून देऊ नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. २० मिलिमीटरचा हा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. संपलेल्या सेलनेही हे होतं. गिळल्याचा संशय जरी आला तरी उलटी करायला न लावता, वाट न बघता थेट हॉस्पिटल; आपल्या परळमध्ये वाडिया आणि केईएम हाकेच्या अंतरावर आहेत. एरवी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे दुसऱ्या धातूला लागून तो तापणार नाही, आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत असे छोटे सेलही येतात.

नवा सेल बसला की लगेच सगळे स्क्रू पिळायची घाई करू नका. झाकण नीट बसवा, दोन-तीन स्क्रू लावा, चार्जर जोडा. पहिल्या वेळी पुन्हा तारखेची तक्रार येईलच, कारण नव्या सेलला आज काय तारीख आहे ते कुठून माहीत असणार. बायोसमध्ये जा, तारीख आणि वेळ भरा, बाकीची पानं मोबाइलमधल्या फोटोंशी जुळवा, सेव्ह करून बाहेर पडा. मग शटडाऊन, पिन काढा, झोपा. सकाळी वाय-फाय न लावता चालू करा. कोपऱ्यातलं घड्याळ मोबाइलशी जुळलं तर वहीच्या पानावरचे उरलेले स्क्रू लावून टाका.